वारिकोमु

गंगापूर रोडवर, टायरच्या दुकानावरच्या माडीत
मंगळवार-शुक्रवार संध्याकाळी क्लास.
गायधनी बाईंनी फळ्यावर क्रियापद लिहिलं : वारिकोमु.
एकाच्या पोटात दोन.
वारु म्हणजे चिरणं.
कोमु म्हणजे आत शिरणं, दाटी करणं.
"रांगेत घुसणं," बाई म्हणाल्या, "किंवा कुणी बोलत असताना…"
"मध्येच तोंड घालणं!" मी म्हणाले.

वर्ग हसला.
बाईंनी खडू ठेवला, बोटं झटकली.
"उदाहरण मिळालं. लिहून घ्या."

चिन्ह गिरवताना दिसलं :
उजवीकडे सुरी उभी आहे, दोन रेघांची,
आणि डावीकडचं एकटं लिहिलं
तर त्याचा अर्थ इजा.
मी पानभर लिहिलं.
इजा, सुरी. इजा, सुरी.
खाली कुणाच्या तरी चाकातली हवा सुटत होती.

घर मखमलाबादला. आप्पा द्राक्षाची कलमं बांधतात
लोकांच्या मळ्यांत, शेकड्याच्या हिशोबानं.
बोलताना अडखळतात, पहिल्यापासून.
शब्दाच्या उंबऱ्यात पाय अडकतो
आणि समोरचा माणूस घड्याळ बघतो.
मी चार वर्षांची असल्यापासून
तो पाय सोडवत आलेय.
त्यांनी "म" म्हटलं की मी "मीठ", आणि बरणी पुढे.
"द" म्हटलं की दवाखाना.
बसचा कंडक्टर तिकिटाचं मलाच विचारायचा,
आप्पांच्या डोक्यावरून.
गल्लीत म्हणायचे, निवृत्ती पिंगळ्याची जीभ
त्याच्या हर्षदाच्या तोंडात आहे.
मला ते बक्षीस वाटायचं.

पुढे अंबडच्या कंपनीत दुभाषी झाले.
किताजिमा-सान वाक्याच्या मधोमध थांबतात, छताकडे बघतात.
क्रियापद यायचं असतं अजून,
त्यांचंही आपल्यासारखं शेवटीच येतं,
आणि हो की नाही, ते त्याच्याही शेपटाला.
दोनदा मी वाट न बघता "हो" सांगून टाकलं.
दोनदा ते "नाही" होतं.
दुसऱ्या वेळी माल चाकणहून परत आणावा लागला.
साहेब काही बोलले नाहीत. मला बोलले असते तर बरं.

सप्टेंबरातला रविवार. आप्पांना मदतीला माणूस नव्हता,
मी गेले.
त्यांनी खुंट छाटला, ओला, हिरवट पांढरा.
मधोमध सुरी ठेवली, उभी दाबली.
काडीला दोन्ही अंगांनी धार काढली, पाचरेसारखी,
चिरेत सरकवली.
सालीला साल लागली का, डोळा बारीक करून पाहिलं.
मग पट्टी मला दिली : गुंडाळ.
मी विचारलं, जास्त चिरलं तर?
त्यांनी तळहात आडवा हलवला. मरतं.
कमी चिरलं तर?
पुन्हा तसाच हात.
एवढं सगळं एकही शब्द न खर्चता.

दुपारी मांडवाखाली भाकरी सोडली.
आप्पा म्हणाले, "म…"
माझा हात मिठाच्या पुडीपर्यंत गेला
आणि तिथंच राहिला.
"म… म…"
बांधावरून ट्रॅक्टर आला, गेला, धूळ बसली.
त्यांच्या गळ्यातली शीर वर आली.
मला ते बघवेना, पण बघितलं.
"म… मिरची."

मिरची.
मी डबा उघडला, ठेचा पुढे केला.
"आप्पा, मग इतकी वर्षं मीठ…?"
ते चावत राहिले. सावकाश.
"कधी कधी मीठच," म्हणाले,
न अडखळता.

कधी कधी. म्हणजे बाकीच्या वेळी
किती खारट भाज्या गेल्या असतील त्या घशाखाली,
पोरगी हुशार आहे या कौतुकासकट.

दुपारनंतर आम्ही ओळीच्या त्या टोकाला होतो.
साठ-सत्तर खुंट चिरून, भरून, बांधून झाले होते.
यातले किती धरतील ते तीन आठवड्यांनी.
आप्पांनी पाठ सरळ केली, माझ्याकडे वळले.
"प…"

पाण्याची बाटली माझ्या पायाशीच होती.
मी पट्टीचा वेढा अर्धा धरून ठेवला
आणि तोंड मिटून
त्यांच्याकडे बघत उभी राहिले.